केमिकल-फ्री काहीच नसतं, तुम्हीसुद्धा नाही

"डॉक्टर, या गोळीत केमिकल आहे का?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो. विचारणारी व्यक्ती अडाणी नसते, बऱ्याचदा पदवीधर असते. उत्तर आहे 'हो'. गोळीत केमिकल आहे, ती ज्या पाण्याबरोबर घ्यायची त्या पाण्यात आहे, सकाळी घेता त्या कडुलिंबाच्या रसात आहे आणि तो पिणाऱ्या तुमच्यातही आहे. केमिकल म्हणजे रसायन, आणि ज्याला वजन आहे, जे हातात धरता येतं, ते सगळं कुठल्या ना कुठल्या रसायनाचंच बनलेलं असतं. तेव्हा पाकिटावर 'केमिकल-फ्री' छापणारा एकतर शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला झोपला होता, किंवा तुम्ही झोपला होतात असं गृहीत धरतोय. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

हा नुसता शब्दांचा वाद असता तर मी लेख लिहिला नसता. पण या एका शब्दाच्या भीतीने लोक बीपीची गोळी बंद करतात, आणि त्याच शब्दाच्या अभावावर विसंबून काहीही पोटात घालतात. म्हणून थोडं रसायनशास्त्र, अगदी आठवी-नववीतलं.

मिठापासून सुरुवात करू. सोडियम हा मऊ, चकचकीत धातू आहे. पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर तो सैनिकांवर सोडला होता. या दोघांच्या संयोगातून जे बनतं ते तुम्ही आमटीत घालता. मूलद्रव्य एक, त्याचं संयुग वेगळंच. त्यामुळे घटकांच्या यादीतलं नुसतं नाव वाचून घाबरण्यात अर्थ नाही, तसंच नुसतं नाव वाचून निर्धास्त होण्यातही नाही.

आता तेच मीठ 'सैंधव' या नावाने दामदुप्पट किमतीला विकलं जातं, नैसर्गिक आणि केमिकल-फ्री म्हणून. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. खाणीतून आलं म्हणून त्यातला सोडियमचा अणू मिठागरातल्या अणूपेक्षा सात्त्विक होत नाही. सोडियमचं अणुवस्तुमान २३, क्लोरीनचं ३५.५, बेरीज ५८.५. म्हणजे मिठाच्या वजनाचा सुमारे ३९ टक्के भाग सोडियम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, त्यात सोडियम होतं साधारण २ ग्रॅम. सैंधवालाही हाच हिशोब लागू आहे. फरक पडतो तो आयोडीनचा. घरात फक्त आयोडीन नसलेलं सैंधव वापरणाऱ्या गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं, ते कुठून येणार? 'केमिकल काढलं' म्हणून आनंद झालेल्यांनी काय काढलं ते एकदा बघावं.

याहून गंभीर गोष्ट 'लो सोडियम' मिठाची. शाळेत आवर्तसारणी घोकून घेतात, आणि ती कशाला असते हे कुणी सांगत नाही. मेंडेलीवने १८६९ साली ती मांडली तेव्हा त्याने सारख्या वागणुकीची मूलद्रव्यं एका गटात आणली. आजच्या तक्त्यात ती एकाखाली एक उभी असतात: लिथियम, त्याखाली सोडियम, त्याखाली पोटॅशियम. एकाच घरातली भावंडं म्हणा. म्हणून सोडियम कमी केलेल्या मिठात त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालता येतं. चव बरीच जुळते. निरोगी मूत्रपिंड असलेल्या बऱ्याच जणांना हे मीठ चांगलं. पण ज्यांची किडनी निकामी होत चालली आहे, किंवा जे टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचू शकतं. ते ३.५ ते ५ च्या आसपास असायला हवं. साडेसहाच्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. अशा रुग्णाला घरचे प्रेमाने 'बीपीचं मीठ' आणून देतात! याच घराण्यामुळे लिथियमची गोळी घेणाऱ्यांनी मीठ अचानक तोडू नये. सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड लिथियमही धरून ठेवतं आणि त्याची विषबाधा होऊ शकते.

भस्मांविषयी लिहिलं की मला रागावलेले निरोप येतात, तरी लिहितो. शिशाच्या अणूत ८२ प्रोटॉन असतात, पाऱ्याच्या अणूत ८०. कितीही पुटं द्या, कितीही खलात घोटा, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते संयुग. आणि संयुग बदललं की गुणधर्म बदलतात, हे मीच वर मिठाच्या बाबतीत सांगितलं. मग प्रश्न असा विचारा: या पुडीत कोणतं संयुग आहे, किती आहे, त्यातलं किती रक्तात जातं, आणि हे कुणी मोजलं? "हजारो वर्षांची परंपरा" हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. माझं भांडण आयुर्वेदाशी नाही. लेबल नसलेल्या पुडीशी आहे.

"पण डॉक्टर, केमिकलमुळे माणसं मेलीच आहेत ना?" मेली आहेत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले आणि त्याच्या चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. दोन्ही द्रव रंगहीन, गोडसर, घट्टसर. डोळ्यांना आणि जिभेला फरक कळत नाही. ग्लिसरीनच्या रेणूत कार्बनचे अणू तीन, दुसऱ्याच्या रेणूत चार, आणि ते मूत्रपिंड निकामी करतं. तिथे कमी पडलं ते रसायनशास्त्र, जास्त झालं नव्हतं. बाटली वापरण्याआधी प्रयोगशाळेत नीट तपासली असती तर भेसळ सापडली असती.

राहिला मोजमापाचा मुद्दा, आणि घरोघरी रोज चूक होते ती इथेच. लहान मुलांचं पॅरासिटॅमॉल घ्या. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात २५०, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत अवघ्या १ मिलिलिटरमध्ये १००. आठ किलोच्या बाळाला एका वेळी १२० मिलिग्रॅम पुरतं. पहिल्या बाटलीतून ५ मिलिलिटर बरोबर. थेंबांच्या बाटलीतून तेवढंच पाजलं तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त. "एक चमचा दिला" हे माप नव्हेच. कुणाच्या घरचा चमचा तीन मिलिलिटरचा, कुणाच्या घरचा सातचा.

थायरॉइडची ५० ची गोळी म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. त्यातल्या औषधाहून साखरेचा एक दाणा जड. आणि "इतकी केमिकलं शरीरात जातात" म्हणून नेमकी हीच गोळी सोडून दिली जाते.

एकक न बघता आकडा वाचण्याचाही धोका आहे. लंडनहून मुलगा फोनवर सांगतो, "आई, उपाशीपोटी साखर सात आली," आणि इथे आई घाबरून त्याला साखर खायला सांगते. तिकडे मिलिमोलमध्ये मोजतात. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू. वस्तुमान ७२ अधिक १२ अधिक ९६, एकूण १८०. म्हणून तिकडचा आकडा १८ ने गुणला की आपला येतो. सात म्हणजे १२६, मधुमेहाची सीमारेषा. त्याला साखर खायला नव्हे, डॉक्टरकडे पाठवायला हवं.

तेव्हा पुढच्या भेटीला येताना घरात चालू असलेली प्रत्येक बाटली, पुडी आणि मिठाचं पाकीट वेष्टनासकट घेऊन या, फोटो नको. बाळाला औषध पाजता तो चमचाही आणा. सिरिंजने पाणी भरून त्यात किती मावतं ते आपण तिथेच मोजू.