'दरडोई'तील डोई कोणाची?

राष्ट्राची प्रगती आज आकड्यांनी मोजली जाते. उत्पन्न, शिक्षण व आयुर्मान एकत्र करून संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने 1990 पासून मानव विकास निर्देशांक काढण्यास प्रारंभ केला. मापांशी आमचे भांडण नाही. परंतु वाचकहो, 'दरडोई' या शब्दातील डोई कोणाची, हे बीड जिल्ह्यात येऊन विचारावे.

दिवाळीच्या सुमारास येथून लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती माणशी नव्हे, कोयत्यामागे. आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक! बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. हिशेबात तिचे नाव नाही. खाडा पडला तर दंड मात्र चुकत नाही. 2019 साली शासकीय समितीच्या पाहणीत या जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. 2001 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे येथे 894 मुली होत्या; 2011 मध्ये 807. त्याच दशकात साक्षरता वाढली, हेही नमूद केले पाहिजे.

संविधानाचे 23 वे कलम वेठबिगारीस मनाई करते. 1976 च्या अधिनियमाने कर्जापोटी बांधलेले श्रम रद्द ठरविले. आम्हा वकिलांना ही कलमे तोंडपाठ असतात. परंतु न्यायालयास कागद लागतो, आणि उचलीच्या कागदावर, कागद असलाच तर, अंगठा नवऱ्याचा असतो. म्हणून पुढील हंगामापूर्वी उचलीच्या प्रत्येक नोंदीत बाईचे नाव व तिची मजुरी स्वतंत्र लिहिली जावी, ही आमची मागणी आहे.