कच्चा आहार आणि न सरणारी थंडी

मार्गशीर्ष लागला की कच्च्या आहाराचे व्रत घेतलेल्या मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. हातापायांची बोटे गार पडतात, दुपारच्या उन्हात बसूनही अंगातले हीव जात नाही, रात्री दोन गोधड्या घेतल्या तरी पावलांना ऊब येत नाही. घरातल्या बाकीच्यांना मात्र तीच हवा सुखाची वाटत असते. या तक्रारीला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. शिबिरातले मार्गदर्शक म्हणतात, ही शरीरशुद्धीची खूण आहे, विषद्रव्ये बाहेर पडत आहेत, धीर धरा. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, गार नि कच्चे खाल्ल्यावर दुसरे काय होणार! माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. दुसऱ्याने फारसे नुकसान होत नाही. पहिल्याने होते, म्हणून हा लेख.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण कच्चा आहार ही काल-परवाची टूम नाही. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर माक्सिमिलियन बिर्शर-बेन्नर यांनी १९०४ मध्ये झुरिचजवळच्या टेकडीवर आरोग्यधाम काढले आणि रुग्णांना कच्ची फळे, भाज्या व सुकामेवा खायला घातला. आज मोठ्या दुकानांत मिळणारी म्यूस्ली त्यांचीच देणगी. आपल्याकडे गांधीजींनी १९२९ मध्ये चुलीशिवायच्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर आणि आश्रमीयांवर केला. पुढे १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनीच निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले. शिजवल्याने क जीवनसत्त्व आणि फोलेट घटते, कच्च्या भाजी-फळांतून तंतू भरपूर मिळतात, तळण आणि साखर आपोआप सुटते, हे सगळे खरे आहे. दीर्घकाळ कच्चे खाणाऱ्या जर्मनीतल्या लोकांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड चांगल्या पातळीवर आढळले. मधुमेह नि वाढलेल्या वजनाने गांजलेला माणूस या वाटेला वळतो तेव्हा त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

पण त्याच गांधीजींनी तो प्रयोग त्याच वर्षी आमांशामुळे थांबवला आणि त्याची हकिगत ‘यंग इंडिया’तून लोकांपुढे ठेवली. शरीराने दिलेला कौल त्यांनी शुद्धीच्या नावाखाली झाकून ठेवला नाही. त्यांच्या नावाने कच्चा आहार सांगणाऱ्यांनी त्यांच्याकडून निदान एवढे तरी घ्यायला हवे.

आता शुद्धीचा दावा. कच्च्या अन्नामुळे विषे सुटतात आणि ती बाहेर पडताना थंडी वाजते, असे हा दावा सांगतो. ते विष कोणते, रक्तात किंवा लघवीत ते किती सापडले, थंडी थांबल्यावर ते कितीने उतरले, याचे उत्तर कोणी देत नाही. ते बाजूला ठेवू. हा दावा तपासायला एक फार चांगला दाखला उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. १९४५ मध्ये सुमारे सहा महिने त्यांना गरजेच्या जवळपास निम्मे, म्हणजे दिवसाला साधारण १,५७० उष्मांकांचे अन्न दिले गेले. त्यांच्या ताटात काय होते? पाव, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी. सगळे शिजवलेले. तरीही त्या तरुणांना भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. ते जादा पांघरुणे मागत, जेवण आणि कॉफी कढत हवी म्हणून अडून बसत. विश्रांतीच्या अवस्थेतला त्यांचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला होता, नाडी मंदावली होती, वजन जवळपास चौथाईने घटले होते.

तिथे कच्चे अन्न नव्हते आणि शुद्धीची कल्पनाही नव्हती, थंडी मात्र नेमकी तीच होती. मग थंडीचे कारण अन्नाच्या कच्चेपणात किंवा विषांत शोधायचे कशाला? कारण आहे तुटवडा. शरीराला दिवसाला जेवढी ऊर्जा लागते तेवढी मिळत नाही, म्हणून ते खर्च कमी करते. पगार अर्ध्यावर आलेले घर आधी सणावाराचा खर्च थांबवते, तसे शरीर आधी उष्णतेला आणि प्रजननाला कात्री लावते. हृदय आणि मेंदू चालू राहिले पाहिजेत, बोटांची टोके गार पडली तरी चालतील, असा त्याचा क्रम असतो. थायरॉइडच्या टी-४ या संप्रेरकापासून काम करणारे टी-३ बनते, ते कमी बनू लागते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. चरबीचा थर उतरतो, म्हणजे ऊब धरून ठेवणारे अस्तरच जाते. सोबत स्नायूही झडतात, आणि विश्रांतीत असतानाही उष्णता निर्माण करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. हे सगळे एकाच वेळी घडत असताना माणसाला सांगायचे की तू शुद्ध होतो आहेस! याला मी क्रूरपणा म्हणतो, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

बायकांच्या बाबतीत हा क्रूरपणा जास्त गंभीर होतो. जर्मनीतल्या गीसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २१६ पुरुष आणि २९७ स्त्रिया अशा कच्चे खाणाऱ्यांची पाहणी केली होती. ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. हा आहार घेऊ लागल्यापासून पुरुषांचे वजन सरासरी सुमारे १० किलोंनी, स्त्रियांचे १२ किलोंनी उतरले होते. पाहणीतल्या चौथाई स्त्रिया कमी वजनाच्या गटात गेल्या होत्या. आणि पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. अन्नातला कच्चा वाटा जितका जास्त, तितके हे प्रमाण जास्त. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते आणि हाडे विरळ होऊ लागतात. ‘शरीर स्वच्छ झाल्यामुळे आता पाळीची गरज उरली नाही’ असे समर्थन मी वाचले आहे. तरुण मुलीला हे सांगणे म्हणजे तिच्या म्हातारपणातली हाडे आजच मोडून ठेवणे आहे. गार बोटे आणि थांबलेली पाळी ही एकाच तुटवड्याची दोन टोके आहेत.

भरपूर खाऊनही तुटवडा कसा पडतो, हा प्रश्न प्रामाणिक आहे, कारण ही मंडळी खरोखरच परातभर खातात. पण १०० ग्रॅम काकडीत साधारण १५ उष्मांक असतात, गाजरात ४०, पपईत ४३. दिवसाला १,८०० उष्मांक नुसत्या पपईतून मिळवायचे तर चार किलोंहून जास्त पपई खावी लागेल. पोट त्याआधीच तुडुंब भरते आणि भूक भागल्याची खोटी पावती मिळते. त्यात आपली मुख्य ऊर्जा ज्या पिष्टातून येते, ते ज्वारी-बाजरी-तांदळातले पिष्ट कच्चे असताना नीट पचत नाही. पाणी आणि आच मिळाली की त्याचे कण फुगतात, फुटतात, मग पाचकरस त्यांच्यापर्यंत पोचतात. हार्वर्डच्या रिचर्ड रँगम यांनी ‘कॅचिंग फायर’ या २००९ च्या पुस्तकात तर माणसाचे लहान दात, आखूड आतडे आणि मोठा मेंदू हीच शिजवलेल्या अन्नाची कमाई असल्याचा सिद्धान्त मांडला आहे. त्याच्या सगळ्या तपशिलांवर एकमत नाही. पण शिजवल्याने त्याच अन्नातून जास्त ऊर्जा हाती लागते, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

आता वडीलधाऱ्यांच्या उत्तराकडे. कच्चे म्हणजे गार, आणि गार खाल्ल्याने अंग गार पडते, हे म्हणणे हिशेबात टिकत नाही. २० अंशांवरची चार किलो पपई पोटात जाऊन ३७ अंशांवर यायला साठ-सत्तर उष्मांक लागतील, म्हणजे जेमतेम बारा ग्रॅम शेंगदाण्यांतले. फ्रिजमधले फळ खाल्ल्यावर तासभर शिरशिरी येईल, पण दिवस-रात्र मुरलेले हीव त्याने येत नाही. आर्क्टिकमधले इनुइट लोक सीलचे मांस आणि व्हेलची चरबीसकट कातडी परंपरेने कच्ची, कित्येकदा गोठलेलीच खात आले, आणि राहिले ते पृथ्वीवरच्या अतिशय थंड प्रदेशांत. चरबीतून त्यांना भरपूर ऊर्जा मिळे. शिवाय प्रथिने पचवताना त्यांच्यातल्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग उष्णतेच्या रूपानेच सुटतो. पिष्टात हे प्रमाण ५ ते १० टक्केच असते. फळांवर जगणाऱ्याच्या ताटात चरबी नाही आणि प्रथिनेही नाहीत.

आजीच्या म्हणण्यात एक शहाणपण मात्र आहे आणि ते जुन्या वैद्यकातही आहे. हेमंतात अग्नी प्रबळ असतो आणि त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो शरीराचेच पोषण जाळतो, असा विचार चरकसंहितेच्या ऋतुचर्येत आला आहे. भाषा वेगळी असली तरी मिनेसोटातल्या प्रयोगाने दाखवले ते याच्या जवळचेच आहे. गीझरच्या पाण्याने अंघोळ, आल्याचा काढा, मिरचीचा ठेचा हे सगळे उपाय घटकाभराचे. मिरचीने त्वचेत ऊब जाणवते, घामही येतो, आणि त्यातून शरीर उष्णता बाहेर टाकते. उष्मांकांची भरपाई तिने होत नाही.

तुटवडा नुसता उष्मांकांचाच असतो असेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. लोह कमी असेल तर थंडीत शरीराचे तापमान टिकवणे अवघड जाते. म्हणजे आपल्याकडची बाई कच्चा आहार सुरू करते तेव्हा बहुधा आधीच उण्यात असते. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. २००५ च्या ज्या जर्मन अभ्यासात कोलेस्टेरॉल चांगले दिसले, त्याच लोकांपैकी ३८ टक्क्यांत बी-१२ कमी होते. समर्थक पहिला आकडा सांगतात आणि दुसरा गाळतात, हा माझा मोठा आक्षेप आहे. थायरॉइडचेही तसेच. अमेरिकेतली ८८ वर्षांची एक बाई मधुमेह आटोक्यात यावा म्हणून काही महिने रोज किलो-दीड किलो बोक चॉय, म्हणजे कोबीच्या कुळातली पालेभाजी, कच्ची खात होती. थायरॉइडचे काम बंद पडल्याने तिला अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात आणावे लागले. ही नोंद २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. कोबीच्या पचडीने कोणाला असे होत नाही, म्हणून पचडीला घाबरू नये. पण कोबी, मुळा, मोहरीचा पाला यांचे रस रोज पेलाभर पिणाऱ्याने, आणि मीठ सोडताना आयोडीनही सोडणाऱ्याने, हे लक्षात ठेवावे.

मग करायचे काय? आधी ताटातली काकडी कमी करून त्या जागी वजनदार पदार्थ आणा. शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे यांच्या १०० ग्रॅममध्ये ५५० पासून ६५० पर्यंत उष्मांक असतात, खजुरात २८० च्या आसपास. केळी, भिजवलेले बदाम, मोड आलेले मूग, त्यावर खोबऱ्याचा चव, लिंबू किंवा आवळा, म्हणजे लोहही जास्त शोषले जाते. राजमा मात्र कच्चा कधीही खाऊ नये. मूठभर कच्च्या राजम्यानेही उलट्या-जुलाब होतात. बी-१२ ची गोळी वैद्यकीय सल्ल्याने घ्या. रोज जोर-बैठका किंवा वजने उचलण्याचा व्यायाम करा, पण खाणे वाढवल्यावरच. उपाशी अंगाने केलेला व्यायाम तुटवडा वाढवतो.

आणि थंडीच्या दिवसांत निदान एक वेळ चूल पेटवा. आपल्या स्वयंपाकात कच्चे आणि शिजलेले यांचे भांडण कधी नव्हतेच. भाकरीसोबत कांदा, मुळा, पातीचा घोळाणा, दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, आणि शेजारी वाफाळती आमटी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वालपापडी, गाजर, हरभऱ्याची लेकुरवाळी भाजी. पौषातल्या थंडीला हे उत्तर शेतात राबणाऱ्या बायकांनी शोधले, आणि त्यात ऊर्जा, प्रथिने, चरबी, लोह सगळे एका ताटात येते. कच्च्याचे सगळे गुण कोशिंबिरीत मिळतात. त्यासाठी भाकरी सोडावी लागत नाही.

यावर एक शेवटचा आक्षेप येतो: अमुक गृहस्थ वर्षानुवर्षे कच्चेच खातात आणि ठणठणीत आहेत. असतीलही. त्यांचे ताट एकदा पाहा. त्यात दाणे, खोबरे, सुकामेवा, दही-दूध भरपूर दिसेल आणि त्यांचे वजन टिकलेले असेल. अशा माणसाला सतत थंडी वाजत नाही. त्यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

शिबिरे घेणाऱ्यांना माझे मागणे थोडे आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे वजन, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि टीएसएच पहिल्या दिवशी लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, स्त्रियांना पाळीबद्दल स्पष्ट विचारा आणि दोन्ही आकडे त्यांच्या हातात द्या. आणि ज्यांची बोटे आज गार पडत आहेत, त्यांनी शुद्धीची वाट पाहू नये. वजन उतरत असेल किंवा पाळी चुकली असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि जाण्याआधी गरम भाकरी-आमटी पोटभर जेवा.