विश्लेषण : ‘फोर टॉप्स’च्या गाण्यांत आवाज नेमके किती?

‘फोर टॉप्स’चे आवडते गाणे कोणते, हा प्रश्न सोल संगीताच्या चाहत्यांत कधी जुना होत नाही. कोणी १९६५ चे ‘आय कान्ट हेल्प मायसेल्फ’ पुढे करतो, कोणी १९६६ चे ‘रीच आउट आय विल बी देअर’. मुरलेला श्रोता १९६७ च्या ‘बर्नाडेट’चे नाव घेतो. मग चर्चा मुख्य गायक लीवाय स्टब्ज यांच्या आवाजावर येते आणि तिथेच रेंगाळते. याच गाण्यांत ऐकू येणाऱ्या तीन गायिकांचा विषय मात्र क्वचितच निघतो.

चौघे कोण होते?

स्टब्ज, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन हे डेट्रॉइटचे मित्र. १९५० च्या दशकात एकत्र आले आणि १९९७ मध्ये पेटन यांचे निधन होईपर्यंत संचातला एकही माणूस बदलला नाही. रुसवेफुगवे आणि पैशांच्या वादात भलेभले संच फुटले, त्या काळातली ही गोष्ट. स्टब्ज यांचा आवाज मूळचा बॅरिटोन, म्हणजे भारदस्त, मध्यम पट्टीचा. पण हॉलंड-डोझियर-हॉलंड या त्रयीने त्यांची गाणी मुद्दाम वरच्या पट्टीत बांधली. आवाज ताणला जातो, आता फाटतो की काय असे वाटते, आणि त्यातली विनवणी खरी वाटू लागते.

मग त्या तिघी?

जॅकी हिक्स, मार्लिन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स. गटाचे नाव ‘अँडान्टीज’. मोटाउन कंपनीच्या स्टुडिओतल्या या नेहमीच्या कोरस गायिका. स्टब्ज तळमळत असताना मागे जो उंच, शांत सूर तरंगतो, त्यात या तिघी आहेत. ‘रीच आउट’मध्ये आणि ‘बर्नाडेट’मध्येही. ‘बर्नाडेट’ संपले असे वाटते आणि स्टब्ज अचानक पुन्हा नावाने हाक मारतात. चाहते त्या हाकेवर जीव टाकतात. पण मागे नुसते पुरुषी आवाज असते, तर ती हाक इतकी एकाकी वाटली असती का?

तबकडीवर नाव मात्र चौघांचेच. मोटाउनच्या वादकांचीही, म्हणजे ‘फंक ब्रदर्स’चीही, बरीच वर्षे हीच गत होती. मार्विन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवर त्यांना श्रेय मिळाले. (त्याचे शीर्षकगीत मुळात बेन्सन यांना सुचलेले, त्यांच्याच साथीदारांना ते नको होते!) २००२ मध्ये या वादकांवर माहितीपटही आला. तिघींच्या वाट्याला एवढी प्रसिद्धी आली नाही.

हे सांगितल्याने चौघे लहान होत नाहीत. जुलै २०२४ मध्ये फकीर गेले आणि मूळ संचातले कोणीच उरले नाही. आवडत्या गाण्यांच्या याद्या त्यानंतर आणखी हळव्या झाल्या तर नवल नाही. त्या याद्यांत गाण्यासमोर चार नावे लिहिणाऱ्याला आणखी तीन लिहायला कितीसा वेळ लागतो? कोणी ‘बर्नाडेट’ पाठवलेच, तर इयरफोन लावून एकदा स्टब्ज यांच्या मागे कान द्यावा.