भामाशाहांची वही

डिसेंबर-जानेवारी आला की महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या सहली उदयपूरकडे निघतात. फतेहसागराच्या काठी मोती मगरीवर महाराणा प्रतापांच्या अश्वारूढ पुतळ्यापुढे छायाचित्रे काढली जातात. दुसऱ्या दिवशी बस सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या हळदीघाटीला पोहोचते. खमनोरजवळची ती अरुंद खिंड, तेथील पिवळी माती, १८ जून १५७६ च्या रणकंदनाची साक्ष देणारी रक्ततलाई आणि स्वामिनिष्ठ चेतकाची समाधी पाहून मुले भारावतात. कागदाच्या पुडीत चिमूटभर माती बांधून घेतात, घरच्यांसाठी गुलकंदाची बरणीही घेतात. दुपारनंतर बस परत फिरते आणि इतिहास हळदीघाटीतच संपतो.

वस्तुतः प्रतापांचे खरे कर्तृत्व त्यानंतर सुरू झाले. युद्ध एका दिवसाचे होते, राज्य मात्र पुढे वीस वर्षे लढत राहिले. १५८२ मध्ये दिवेरचा विजय, पुढे चावंड येथे नवी राजधानी आणि १५९७ मध्ये देहावसान होण्यापूर्वी चितोड व मांडलगड वगळता बहुतेक मेवाड परत हाती, हा त्या वीस वर्षांचा हिशेब. डोंगरदऱ्यांत फिरणाऱ्या सैन्याचा पगार, घोड्यांची वैरण, शस्त्रांचा खर्च कोण भागवीत होते, हा प्रश्न सहलीत सहसा कोणी विचारीत नाही. व्यापारी घरातील मुलाने तरी तो विचारावा.

त्याचे उत्तर आपल्या समाजात पाळण्यापासून सांगितले जाते. ओसवाल वंशातील, कावडिया गोत्राचे भामाशाह प्रतापांचे प्रधान होते. चुलिया येथे त्यांनी पंचवीस लाख रुपये आणि वीस हजार मोहरा महाराणांच्या चरणी ठेवल्या. त्या धनावर पंचवीस हजार सैनिकांचा बारा वर्षे निर्वाह होईल, असे कर्नल टॉडच्या लेखनापासून रूढ झाले. ही सारी भामाशाहांची खाजगी संपत्ती होती, असे आपण अभिमानाने सांगतो.

राजस्थानचे थोर इतिहासकार गौरीशंकर हीराचंद ओझा यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते हे धन राज्याचेच होते. संकटकाळात मेवाडचा खजिना गुप्त ठिकाणी ठेवलेला होता आणि त्याचा हिशेब भामाशाहांपाशी होता. कविराज श्यामलदासांच्या ‘वीरविनोद’ ग्रंथात एक हकीकत आहे. १६०० मध्ये मृत्यू समीप आला तेव्हा भामाशाहांनी स्वहस्ते लिहिलेली एक वही पत्नीच्या हाती दिली. मेवाडच्या खजिन्याचा सारा तपशील तीत होता. ती महाराणा अमरसिंहांना सादर करावी, एवढेच त्यांनी सांगितले.

ओझांचे मत ऐकून काहींना वाईट वाटते, भामाशाहांचे दान कोणी हिरावून घेतले असे वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही. दान हा एका क्षणाचा निश्चय असू शकतो. राजधानी हातची गेलेली, धनी डोंगरात, हिशेब तपासणारा कोणी नाही आणि खजिना कोठे आहे हे ठाऊक असलेली माणसे मोजकी; अशा स्थितीत वर्षानुवर्षे दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी सांभाळणे फार कठीण. श्रावकाच्या सत्याणुव्रताचे अतिचार सांगताना शास्त्रकारांनी कूटलेखक्रिया आणि न्यासापहार, म्हणजे खोटे दस्तऐवज करणे आणि ठेव गिळंकृत करणे, यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यासाठीच ते दोन शब्द लिहिले असावेत. भामाशाहांची वही या दोन्हींना पुरून उरते. दिवाळीला चोपडापूजन करणाऱ्या घरांत दानवीराच्या कथेबरोबर या वहीचीही कथा सांगितली जावी.

ती वही पत्नीच्या हाती दिली गेली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. राजस्थान शासनाने २०१४ मध्ये भामाशाहांच्या नावाने योजना आणली, तेव्हा कुटुंबाचे बँक खाते घरातील स्त्रीच्या नावे उघडण्याचे ठरले. नाव ठेवणाऱ्यांना वहीची हकीकत आठवली होती की नाही, कोण जाणे. योग मात्र सुंदर जुळला.

महाराष्ट्रात स्थायिक झालेली अनेक कुटुंबे मूळची गोडवाडची. राणकपूरच्या यात्रेला जाताना सादडी गाव लागते. भामाशाहांचे बंधू ताराचंद, जे स्वतः हळदीघाटीत लढले, ते याच सादडीत गोडवाडचा कारभार पाहत. त्यांच्याच आश्रयाने जैन कवी हेमरतन यांनी गोरा-बादलांची पद्मिनी-चौपाई रचली. राणकपूरचे खांब मोजण्यात रमलेल्या मुलांना एवढे सांगायला दहा मिनिटे पुरतात.

सहलीत अर्धा दिवस अधिक काढता आला, तर उदयपूरहून दक्षिणेस साधारण साठ किलोमीटरवरील चावंडला न्यावे. शेजारीच बांडोलीला प्रतापांची आठ खांबांची साधी छत्री आहे. अमरसिंहांनी पुढे भामाशाहांचे पुत्र जीवाशाह यांनाच प्रधान नेमले आणि वडिलांच्या वहीप्रमाणे खजिन्यातून खर्च चालू राहिला.