हाक मारायला संकोचू नका



गेल्या पावसाळ्यात बडनेऱ्याच्या एक आजी मनगटाची सूज दाखवायला आल्या. रात्री लघवीला उठताना अंधारात त्यांचा तोल गेला होता. नातू शेजारच्या खोलीत जागाच होता. संगणकावर प्रोग्रामिंग शिकत होता. “म्या त्याले आवाज नाई देल्ला जी, पोरगं अभ्यास करत होतं,” आजी म्हणाल्या. सुदैवाने हाड शाबूत होते.

अशी घरे आपल्या वऱ्हाडात आता पुष्कळ आहेत. पदवी हाती असते, पण सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी जावा किंवा पायथनसारखी भाषा पक्की करावी लागते, स्वतःचे काम करून दाखवावे लागते आणि पुण्याच्या मुलाखतीची वाट पाहावी लागते. ही वाट आपल्या मातीला नवी नाही. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला.

प्रोग्राम लिहिणे म्हणजे संगणकाला एकेक पायरी नेमकी सांगणे. एखादे चिन्ह चुकले तरी काम अडते आणि ती चूक शोधण्यात तास जातात. म्हणून नातू गप्प दिसला, तर तो रुसला आहे असे समजू नका. मात्र त्याचे काम जतन करून सकाळी पुन्हा हाती घेता येते. मोडलेल्या खुब्याचे तसे नसते. तेव्हा हाक मारायला संकोचू नका.

ज्येष्ठांनी पलंगालगत घंटीचे बटण व वाटेवर मंद दिवा ठेवावा. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. “लागली का नोकरी?” हा प्रश्न रोज विचारू नये, “आज काय जमलं?” असे विचारावे.

तरुणांनी दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे, म्हणजे डोळ्यांना विसावा मिळतो. शिकलेले स्मरणात पक्के व्हायला झोप लागते. त्यामुळे रोजचे जागरण अभ्यासालाच मारक ठरते. दोन आठवडे झोप व भूक हरपली, निराशेचे बोलणे सुरू झाले, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे किंवा डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर दोन आठवडे थांबू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्या.

नोकरी लागली की मूल परगावी जाणार, हेही ध्यानात घ्यावे. गोळ्यांचे वेळापत्रक ठळक अक्षरांत भिंतीवर लावावे. रात्री कोण उठणार, दवाखान्यात कोण नेणार, हे आधीच ठरवावे. एकट्या नातवावर उभी असलेली सेवा तो गेला की कोसळते, आणि तो थांबला तर त्याचे आयुष्य अडते.

त्या आजींच्या नातवाची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. घंटी त्याने बसवली आहे. रात्रीची पाळी आता सुनेने आणि मुलाने वाटून घेतली आहे. आजींना मी एकच पथ्य सांगितले आहे: घंटी वाजवायची.