गाडी उभी, इंजिन मात्र धावते

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या पेट्रोल गाडीने नवेच दुखणे काढले. सिग्नलला उभी असली तरी इंजिन घोंघावायचे. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताच गाडी झेप घ्यायची. आमच्या गल्लीत मुले खेळतात, त्यामुळे जीव धास्तावला. एका गॅरेजवाल्याने पाहताक्षणी महागडा सेन्सर बदलायला सांगितले. आम्ही एक दिवस थांबलो आणि आधी बिनखर्चाची कारणे तपासली.

सकाळी थंड इंजिन हजाराच्या वर फिरते, तो बिघाड नव्हे. गरम झाल्यावर काटा साधारण 700 ते 900 वर यावा. एसी लावल्यास थोडा चढतो. आमचा 1,500 च्या खाली येईना. पायाखालची चटई पेडलवर चढली नव्हती, अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकत नव्हती, कूलंटही पुरेसे होते.

मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून बॉनेट उघडले. बारीक 'सुस्स' आवाज येत होता! थ्रॉटलच्या पुढची रबरी नळी टोकाशी चिरली होती. तिथून जादा हवा आत शिरायची आणि फेरे वाढायचे. चीर दाबून धरताच काटा उतरला. नवी नळी किरकोळ पैशांत आली.

गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल किंवा स्प्रे मारू नका, आग लागू शकते. फिरत्या पट्ट्यापासून ओढणी, बाही दूर ठेवा. नळ्या धड असतील तर थ्रॉटल साफ करून घ्या. सेन्सर बदलण्याची पाळी त्यानंतरची, तीही तपासून खात्री झाल्यावरच.