आठवणींवर कर्ज मिळत नाही

आमचे साडू दर दिवाळीला फियाट परत आणतात. म्हणजे गाडी नव्हे, बातमी. फराळाचं ताट पुढ्यात आलं आणि चकलीचा पहिला तुकडा मोडला, की ते इकडेतिकडे बघतात, खुर्ची जरा पुढे ओढतात आणि खालच्या आवाजात म्हणतात, “या वेळी नक्की हं. आतल्या गोटातली खबर आहे.” हा आतला गोट कुठे भरतो आणि तिथे कोण कोण जमतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. एकाच घरचे दोन जावई. आपसात भांडलो तर सासुरवाडीत आपली बाजू घ्यायला कोणी उरत नाही.

पण यंदा मी भांडलो. त्याचं कारण असं, की मी बँकेत वाहन कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, आणि त्या टेबलावर बसलेल्या माणसाला प्रेम आणि अर्ज यांतला फरक कळायला लागतो. प्रेम तोंडी असतं. अर्जावर सही लागते.

साडूंचा पहिला मुद्दा असा, की “या देशानं फियाटवर जेवढं प्रेम केलं तेवढं कुठल्याच गाडीवर केलं नाही.”

कबूल. पण हे प्रेम कधीचं? वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना घातला, आणि पन्नासच्या दशकात तिथून फियाट 1100 बाहेर पडू लागली. पुढे हीच गाडी नावं बदलत बदलत 1974 च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर, आणि पुढची सीट बाकासारखी सलग. सरकारी हिशेबात ती चारपाच माणसांची गाडी होती. आमच्या हिशेबात मामा, मामी, त्यांची तीन मुलं, आम्ही चौघं आणि एक पत्र्याची ट्रंक एवढी तिची क्षमता होती.

त्या काळात गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. दुकानात माल तीनच प्रकारचा : अँबॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड. तीन स्थळांतून एक पसंत करायचं आणि मग आयुष्यभर “आमचा प्रेमविवाह” म्हणून सांगत सुटायचं, त्यातला हा प्रकार. खऱ्या प्रेमाची परीक्षा चौथं स्थळ आल्यावर होते. ते 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 च्या रूपानं आलं, आणि आमच्या प्रेमाचा जो काही धीर सुटला तो आजतागायत सापडलेला नाही. पद्मिनी नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तग धरून होती, पण टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. घरच्या माणसांनी कधीच सोडलं होतं.

“आणि युनो?” साडू म्हणाले. “1996 साली फियाट युनोसाठी लोकांनी रांगा लावल्या होत्या, विसरलात?”

नाही विसरलो. नोंदणी लाखांच्या घरात गेली होती. मग कुर्ल्याच्या कारखान्यात संप झाला, आणि गाड्या बाहेर पडल्या त्या चहात साखर किती घालायची याच्या हिशेबानं. ज्यांनी त्या वेळी अनामत भरली त्यांच्यासमोर “फियाट परत येतेय” म्हणून बघा. ते आधी मागे सरकून बसतात. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. इथे तर दूध मिळालंच नव्हतं, नुसतं भांडं तापवून हातात दिलं होतं.

दुसरा मुद्दा इंजिनाचा. हा साडूंचा हुकमी एक्का. “अहो, 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल! देशाचं इंजिन म्हणायचे त्याला! असं इंजिन करणाऱ्या कंपनीला कोण हरवणार?”

मी म्हटलं, साडूभाऊ, तुम्हीच हरवलंत. आणि मी. हे इंजिन 2007 साली स्विफ्टमध्ये आलं, मग डिझायरमध्ये, मग टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये. लोकांनी त्या गाड्या भराभर उचलल्या. 2009 साली खुद्द फियाटनं लिनिआ आणि पुंटो आणल्या. इंजिन घरचं, धातू जाड, रस्त्यावर बूड हलत नाही अशी ख्याती. आणि लोक काय म्हणाले? “गाडी उत्तम आहे. आम्ही दुसरी घेतोय.” माझ्या टेबलासमोर बसून एका गृहस्थांनी पुंटोचं असं वर्णन केलं होतं की मला वाटलं, हे आता ओवी म्हणणार. त्यांनी कागद पुढे केला तो दुसऱ्याच गाडीच्या कोटेशनचा. मी विचारलं, “असं का?” ते म्हणाले, “रिसेल.”

या एका शब्दापुढे ख्याती, इंजिन, इटली, सगळं लोटांगण घालतं. आपण मराठी माणसं गाडी घेताना ती विकायचा दिवस आधी बघतो. मुलीचं लग्न ठरवताना आधी घटस्फोटाच्या वकिलाची फी विचारावी, तसं. पण ज्याची सात वर्षांची पुंजी त्या चार चाकांवर उभी आहे त्यानं हा हिशेब केला तर त्याला हसायचं काय कारण? मला त्या गृहस्थांचा हिशेब नडत नाही. हिशेब केल्यानंतर पुन्हा उसासा टाकायचा जो हक्क ते राखून ठेवतात, तो नडतो.

त्यात फियाटचं बिऱ्हाडही सारखं हलत राहिलं. आधी प्रीमियरच्या घरी, मग स्वतंत्र, मग टाटांच्या शोरूममध्ये त्यांच्या गाड्यांशेजारी, मग 2012 साली तिथून वेगळं होऊन पुन्हा स्वतःचं दुकान. सासरी, माहेरी, पुन्हा भाड्याच्या खोलीत. पत्ता एवढ्यांदा बदलला की पोस्टमनसुद्धा विचारतो, तुमचं कायमचं कुठे? शेवटी 2019 साली पुंटो आणि लिनिआ दोन्ही बंद झाल्या. एप्रिल 2020 पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि ते देशाचं इंजिनही देशाचा निरोप घेऊन गेलं.

“पण कारखाना आहे ना!” हा तिसरा मुद्दा. “रांजणगावला उभा आहे. आता नवी मालक मंडळीसुद्धा भारतात आहेत. नुसतं पत्र्यावर नाव बदलायचं काम!”

रांजणगावला कारखाना आहे, हे खरं. महागणपतीच्या शेजारी आहे, त्यामुळे नवसालाही सोय आहे. तिथे टाटांच्या गाड्या होतात, जीप होते. नवी मालक मंडळी म्हणजे स्टेलांटिस. 2021 च्या जानेवारीत फियाट-क्रायसलर आणि फ्रान्सचा प्यूजो-सित्रोएनचा संसार एक झाला, त्याचं हे नाव. या एकत्र कुटुंबानं भारतात जीप आधीच आणलेली होती, आणि 2021 साली सित्रोएन आणली. विक्रीच्या पंगतीत या दोघींनाही अजून पहिल्या रांगेत पाट मिळालेला नाही. आता तुम्हीच सांगा, घरात दोन सुना असताना त्यांचं ताट अर्धवट वाढलेलं, आणि सासूबाईंनी तिसरीला माहेराहून बोलवायचं?

आणि नुसतं नाव आणायचं म्हणता, तर त्याचाही अनुभव आहे. याच प्यूजोवाल्यांनी 2017 साली अँबॅसॅडर हे नाव विकत घेतलं, 80 कोटी रुपयांना. गाडी नाही, कारखाना नाही, नुसतं नाव. मला एवढी रक्कम आकड्यात लिहायची तर शून्यं बोटानं मोजावी लागतात. मग आली का अँबॅसॅडर? नाव तिजोरीत आहे. आपल्याकडे मोत्याचा कंठा लॉकरमध्ये असतो आणि लग्नात खोटा घालतात. तसंच काहीतरी.

तेव्हा साडूंनी जावा काढली. “जावा आली की परत 2018 मध्ये!”

आली. पण ती एका भारतीय कंपनीनं आणली, नव्या इंजिनानिशी आणली, आणि ती मोटारसायकल आहे. मोटारसायकल माणूस हौसेनं घेतो आणि बायकोला नंतर सांगतो. मोटारगाडीला बायको, आई, मुलगा, शेजारी आणि माझं टेबल एवढ्यांची मंजुरी लागते.

“ब्राझीलमध्ये फियाट पहिल्या नंबरवर आहे,” साडू शेवटचं हत्यार काढतात तसे म्हणाले.

तीच तर माझी साक्ष आहे! ब्राझीलमध्ये फियाटनं 1976 साली बेतीमला कारखाना उघडला, आणि तेव्हापासून त्या गावात ती ठाण मांडून बसली. तिथली माणसं काय आपल्याहून हळवी आहेत? त्यांनी गाड्या घेतल्या, म्हणून कंपनी टिकली. कंपनी टिकली, म्हणून लोकांनी पुन्हा घेतल्या. आपण मधल्या मध्ये फक्त आठवणी घेतल्या. आठवणींवर कर्ज मिळत नाही, त्यांना हप्ता नसतो, आणि कारखान्यात पगार आठवणींतून होत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात राबलेल्या माणसांना आपल्या उसाशांचा किती बोनस मिळाला, हे एकदा कोणी मला सांगावं.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी डोळे पुसले त्यातले बरेचसे लोक वातानुकूलित गाडीत बसून, ॲपवर बोलावलेल्या, डोळे पुसत होते. मीही त्यात होतो.

इथे साडू म्हणाले, “तुम्हाला काय कळणार! तुम्ही फियाट घेतली होती का कधी?”

आता ही गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो.

आमचे वडील गोदीत कारकून होते. गावाहून परतताना, वर्षातून एकदा, दादर स्टेशनवरून घरापर्यंत आम्ही टॅक्सी करत असू. वडील पुढे बसायचे. समोरच्या काचेशेजारची ती तिकोनी काच बोटानं फिरवून वारा तोंडावर घ्यायचे आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. उतरल्यावर दार ते स्वतः लावायचे. धप्प! असा आवाज यायचा. मग आम्हाला म्हणायचे, “दार बघ. याला म्हणतात गाडी.”

2009 साली मला बँकेकडून कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या दरानं गाडीचं कर्ज मिळणार होतं. वडिलांनी पुंटोचं चित्र वर्तमानपत्रातून कापून माझ्या टिफिनच्या पिशवीत ठेवलं होतं. बोलले काही नाहीत. मी कॉमर्सचा पदवीधर. कागदावर दोन रकाने आखले, पाच वर्षांनी येणारी किंमत, सर्व्हिसचा खर्च, मिळणारी सूट, सगळं मांडलं आणि दुसरी गाडी घेतली. हिशेब बिनचूक होता. आजही मी तो तपासला तर एक पैशाची चूक निघणार नाही.

गाडीला हार घातला, नारळ फोडला. वडील पुढे बसले. देवळापर्यंत गेलो, आलो. उतरल्यावर त्यांनी दार लावलं, एक क्षण हात तसाच दारावर ठेवला आणि म्हणाले, “हलकं आहे. बरंय. पेट्रोल वाचेल.”

ती गाडी मी सहा वर्षांनी चांगल्या भावात विकली. तोवर वडील नव्हते.

म्हणून फियाट परत येईल का, असं कोणी विचारलं की मला राग येतो. ज्यांनी तिला फाटकाबाहेर घालवलं तेच रोज गच्चीतून वाट बघतात. मी त्यांच्यातलाच एक आहे, म्हणून जरा मोठ्यानं ओरडतो. माझं मत विचाराल तर ती येणार नाही. जी कंपनी एवढ्यांदा आली आणि गेली तिच्याकडेही हिशेबाची वही असणारच, आणि तीत आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते मला न बघता ठाऊक आहे. आणि समजा, उद्या आलीच, तर मेहेरबानी करून कोणी तिच्यावर प्रेम करू नका. जमलं तर विकत घ्या.

हे सगळं मी दिवाळीत साडूंना सांगितलं (वडिलांचं वगळून) आणि वर म्हटलं, “साडूभाऊ, एवढी खात्री आहे तर कर्जाचा कोरा अर्ज आणून देतो. सही करून ठेवा. फियाट आली की पहिली तुमची.”

साडूंनी चकली खाली ठेवली. बराच वेळ विचार केला. मग खुर्ची पुढे ओढली, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

“रिसेल किती असेल हो?”